अकरावीपासूनच कॉलेजला पाठवू का? नवरा म्हणतो एपी, लेक म्हणते रनिंग स्टार्ट

पत्र: ताई, आम्ही रेडमंडला राहतो, सिएटलजवळ. मुलगी टेन्थ ग्रेडला आहे. पुढच्या वर्षीपासून तिला रनिंग स्टार्ट फुलटाइम करायचंय, म्हणजे अकरावी-बारावी दोन्ही वर्षं शाळेऐवजी कम्युनिटी कॉलेजात. तिच्या मैत्रिणीची बहीण हायस्कूल संपता संपता असोसिएट डिग्री (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची) घेऊन बाहेर पडली, ९० क्रेडिट्स आणि ट्युशन शून्य, तेव्हापासून हिच्या डोक्यात तेच आहे. नवरा म्हणतो काही नको, शाळेत बसून एपी, म्हणजे शाळेतच कॉलेजच्या पातळीचे कोर्स, कर, चांगल्या कॉलेजांना तेच दिसतं. सासूबाई साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर रोज विचारतात की सोळा वर्षांची पोर मोठमोठ्या माणसांबरोबर वर्गात कशी बसणार. मेडिकल की कम्प्युटर हे तिचं अजून ठरलेलं नाही. शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते, ते सुटेल अशी मला धास्ती. आम्ही एच-१बी वर्क व्हिसावर आहोत, ग्रीन कार्डची रांग तुम्हाला माहितीच आहे, त्यामुळे पैसे वाचले तर हवेच आहेत. शाळेत फॉर्म द्यायची तारीख जवळ आलीये. काय करू?

ता. क. ती म्हणते कॉलेजचं सगळं मी बघीन, तुम्ही लक्ष घालू नका. हे असं चालतं का?

उत्तर:

तुमचं पत्र वाचून हसूच आलं, कारण चार वर्षांपूर्वी आमच्या डायनिंग टेबलवर अगदी हाच तमाशा चालला होता, फक्त आमच्याकडे व्हायोलिनच्या जागी रोबोटिक्स होतं. आमच्या मोठ्याने रनिंग स्टार्ट केलं, अर्धवेळ. काही बरं झालं, काही फसलं, दोन्ही सांगते.

आधी सासूबाईंचं, ते सोपं आहे. त्यांना विचारा त्या स्वतः कितव्या वर्षी कॉलेजात गेल्या. त्यांच्या वेळी जुनी अकरावीची मॅट्रिक असेल तर सोळा-सतराव्या वर्षी एसटीने कॉलेजलाच गेल्या असणार, आणि नंतरची दहा अधिक दोनवाली पिढी तर दहावी झाली की ज्युनिअर कॉलेजला जातेच आणि अकरावीच्या पहिल्या दिवसापासून सगळ्यांना "मी कॉलेजला आहे" असंच सांगते. वयाचा बाऊ नका करू. वर्गात तिशीचा माणूस शेजारी बसेल, तो दिवसभर नोकरी करून आलेला असेल आणि हिच्याकडून नोट्स मागेल, बहुतेक वेळा एवढंच होतं.

आता तुमच्या मुलीला जे दिसतंय ते. वॉशिंग्टन राज्यात रनिंग स्टार्ट १९९० च्या कायद्यापासून आहे, अकरावी-बारावीच्या मुलांची कॉलेजची ट्युशन राज्य भरतं, आणि ५ क्रेडिटचा एक कोर्स झाला की हायस्कूलच्या हिशोबात १ क्रेडिट, म्हणजे शाळेत जे वर्षभर चालतं ते कॉलेजात एका क्वार्टरमध्ये, दहा-अकरा आठवड्यांत. दर क्वार्टरला १५ क्रेडिट, वर्षाचे तीन क्वार्टर म्हणजे ४५, दोन वर्षांचे ९०. मैत्रिणीच्या बहिणीने केलं ते खरंच आहे, कुठेही फसवणूक नाही. (ट्युशन शून्य असली तरी पुस्तकं, थोडी फी आणि पेट्रोल आपलंच असतं, आणि शाळा अधिक कॉलेज मिळून ठरावीक मर्यादेपलीकडे कोर्स घेतले तर त्यांचे पैसेही आपल्याच खिशातून. फ्री लंचला पात्र असलेल्या मुलांना फी माफी मिळते.)

पण त्या दहा आठवड्यांबद्दल मुली एकमेकींना सांगत नाहीत. आमच्याकडे पहिला क्वार्टर सुरू झाला सप्टेंबरच्या शेवटी, शाळा तोवर तीन आठवडे चाललेली. पहिल्या दिवशी सिलॅबस हातात आला, आठ पानं, मुलाने वाचला नाही कारण शाळेत सिलॅबस कोण वाचतं. चौथ्या आठवड्यात मिडटर्म. शाळेत बाई तीनदा आठवण करतात, मग घरी ईमेल येते, मग उशिरा दिलेलं पण घेतात. इथे कॅनव्हासवर (कॉलेजची गृहपाठ देण्याची साइट) रात्री ११:५९ ला खिडकी बंद झाली की झाली. त्यात केमिस्ट्री, पाच क्रेडिटची, लॅबसकट, आणि त्याच महिन्यात रोबोटिक्सचा सीझन. सी आला. पोरगा हुशार आहे, पण सी आला, आणि तो सी आता जन्माचा आहे.

हे जन्माचं प्रकरण मी जरा जास्त ताणून सांगणार आहे कारण तुमच्या पत्रात "मेडिकल" हा शब्द आहे. एपीचं कसं असतं, मे महिन्यात एकच परीक्षा, १ ते ५ मध्ये स्कोअर, जुलैमध्ये निकाल, आणि २ आला तर तो कॉलेजला पाठवूच नका, कोणाला कळणार पण नाही. वर्गातला ग्रेड शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर राहतो तेवढंच. रनिंग स्टार्टचा ग्रेड मात्र दोन ट्रान्सक्रिप्टवर जातो, शाळेच्या आणि कॉलेजच्याही. आणि पुढे मेडिकल स्कूलला अर्ज करताना एएमकॅस नावाची जी अर्जप्रणाली आहे तिथे हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेजचे कोर्ससुद्धा सगळे भरावे लागतात आणि जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरले जातात. कोर्स परत घेऊन ए मिळवला तरी पहिला सी पुसला जात नाही, दोन्ही मोजतात. लॉ स्कूलचं पण साधारण तसंच. आपल्याकडे एटीकेटी लागली तर पुढच्या परीक्षेत सोडवली की विषय संपला, इथे तसं नाहीये. बावीस वर्षांची तुमची मुलगी डॉक्टर व्हायला अर्ज करेल आणि तिच्या कागदावर सोळाव्या वर्षीचा क्वार्टर असेल. चांगला गेला तर काय सोन्याहून पिवळं, ए असलेली ९० क्रेडिट्स कोणाला नकोत. पण पहिल्याच क्वार्टरला १५ क्रेडिट आणि त्यात लॅब सायन्स, हे कृपा करून करू देऊ नका.

आता नवऱ्याचं. त्यांचं अर्धं बरोबर आहे. एक गोष्ट ते (आणि मी पण तेव्हा) गोंधळात टाकतायत, की ॲडमिशनला दिसणं वेगळं आणि क्रेडिट मिळणं वेगळं. अवघड कोर्स घेतलेत हे ॲडमिशनवाले बघतात, मग तो एपी असो की कॉलेजचा. पण प्रवेश मिळाल्यावर ते क्रेडिट चालेल की नाही हे त्या त्या कॉलेजच्या मर्जीवर. कॅलटेक एपीचं क्रेडिट देतच नाही. डार्टमथने २०१८ च्या बॅचपासून द्यायचं बंद केलं. एमआयटी देतं पण मोजक्याच विषयांना, कॅल्क्युलस बीसीला ५ वगैरे. म्हणजे दहा एपी करून अशा ठिकाणी गेलात तर चार वर्षांची साडेतीन सुद्धा होणार नाहीत, आणि हे आधी माहीत असलं म्हणजे मग दुःख होत नाही. याउलट इथल्या सरकारी युनिव्हर्सिटींना ३ किंवा जास्त स्कोअरला शक्य तितकं क्रेडिट द्या असं राज्याने सांगितलेलं आहे. फक्त ते क्रेडिट नुसतं खात्यावर पडणार की तुमच्या मेजरला (मुख्य विषयाला) लागणार हे वेगळं, हा फरक वेबसाइटवर बारीक अक्षरात असतो.

आमची दुसरी फजिती इथलीच. मुलाला एका खाजगी युनिव्हर्सिटीत मिळालं (नाव नको), आम्ही खुशीत, इंग्लिशचे दोन आणि हिस्टरीचा एक कोर्स अशी पंधरा क्रेडिट वाचली म्हणून. ऑगस्टमध्ये ईमेल आली की जे कोर्स हायस्कूल डिप्लोमासाठी मोजले गेलेत ते आम्ही घेत नाही. झालं. रनिंग स्टार्टचं मूळच हे आहे की एकच कोर्स दोन्हीकडे मोजला जातो, त्यामुळे तिथे सगळंच गळालं. बऱ्याच खाजगी कॉलेजांचा असा नियम असतो आणि तो त्यांच्या वेबसाइटवर असतोही, आम्हीच वाचला नव्हता. (सासूबाईंना सांगताना हायस्कूल डिप्लोमा म्हणू नका, त्यांना वाटेल पॉलिटेक्निकला घातली.)

पॉलिटेक्निकवरून आठवलं, तुमच्या मुलीला किंवा साताऱ्याला समजवायचं असेल तर हे उदाहरण चांगलं आहे. आपल्याकडे दहावीनंतर डिप्लोमा केलेली मुलं इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयरला जातात. तिथे पहिलं वर्ष माफ होतं कारण सगळी व्यवस्था एकच आहे, कुठल्या डिप्लोमानंतर कुठल्या शाखेला जाता येतं ते ठरलेलं. इथे ठरलेलं फक्त राज्याच्या आत आहे. वॉशिंग्टनमध्ये डायरेक्ट ट्रान्सफर ॲग्रीमेंटची असोसिएट डिग्री घेतली तर राज्यातल्या युनिव्हर्सिटी ती ओळखतात, पण त्या ९० क्रेडिटमध्ये कोणत्या प्रकारचे किती कोर्स हवेत त्याचा साचा आहे, आवडेल ते ९० गोळा केले तर डिग्री होत नाही. राज्याबाहेर गेलात की साचा तुमचा तुमच्यापाशी.

म्हणून मुलीला बसवून एकच प्रश्न विचारा की ही क्रेडिट्स तू खर्च कुठे करणार. उत्तर "युडब" (युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन) किंवा राज्यातलं दुसरं सरकारी कॉलेज असेल तर रनिंग स्टार्टला खरा अर्थ आहे. उत्तर "माहीत नाही, पण जास्तीत जास्त गोळा करते" असं असेल तर ते म्हणजे कुठल्या देशात जायचंय ते न ठरवता नोटा बदलून घेण्यासारखं आहे.

आणि युडबचंही नीट ऐका. ९० क्रेडिट असली तरी शाळा संपून थेट जाणार असेल तर ती फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाची, म्हणूनच अर्ज करणार, हे चांगलं आहे, ट्रान्सफरच्या रांगेत जात नाही. डिग्रीला १८० क्रेडिट लागतात, म्हणजे कागदावर अर्धी डिग्री झालेली. पण कम्प्युटर सायन्स घेतलं तर प्रोग्रामिंगचे कोर्स एकामागून एकच घ्यावे लागतात, आधीचा झाल्याशिवाय पुढचा मिळत नाही, त्यात मॅथची वेगळी साखळी, आणि इंग्लिश-हिस्टरीची ४० क्रेडिट घरून आणली म्हणून ती साखळी आखूड होत नाही. तीन वर्षांत होऊ शकतं, दोन वर्षांत क्वचित. मेडिकलवाल्यांचं तर अजूनच, काही मेडिकल स्कूल्स बायोलॉजी-केमिस्ट्री एपी क्रेडिटवर झाली असं धरतच नाहीत, वरचे कोर्स करून दाखवा म्हणतात. एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) आणि हॉस्पिटलमधले तास पण कुठल्या तरी वर्षांत बसवावे लागतात, विसाव्या वर्षी ग्रॅज्युएट होऊन ते कुठे बसवणार.

पैशांचं मात्र खरंय, त्याला मी कमी लेखत नाही. युडबची राज्यातल्या मुलांसाठीची ट्युशन वर्षाला साधारण १३ हजार डॉलरच्या घरात आहे, राहणं-जेवण वेगळं, आणि एच-४ वरच्या (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) मुलांना फॅफ्सा भरून मिळणारी फेडरल मदत मिळत नाही. एक वर्ष वाचलं तर तुमच्यासारख्या घराला ते फार आहे. पण एच-४ मुळेच एक गोष्ट सांगते जी काउन्सेलर सांगणार नाही, त्यांना माहीतच नसते. २१ पूर्ण झाली की एच-४ संपतो. मग वाटतं चला, त्याच्या आत डिग्री झाली तर सुटलो. तर तसं नाही. ग्रॅज्युएट झाल्यावर नोकरीसाठी ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर काम करायची तात्पुरती परवानगी, लागणार, आणि ओपीटी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर मिळतं, एच-४ वर नाही. म्हणजे घाईघाईने विसाव्या वर्षी एच-४ वरच डिग्री संपवली तर हातात डिग्री आणि काम करायची परवानगी नाही असं होऊ शकतं. एफ-१ वर कधी जायचं आणि डिग्री कधी संपवायची हे दोन्ही एकत्र बघावं लागतं. तुमची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) घेऊन इमिग्रेशन वकिलाकडे एक तास द्या, बारावीत नको, आत्ताच. माझ्या ओळखीतल्या दोन घरांत हे उशिरा लक्षात आलं.

आता व्हायोलिन. इथे तुम्ही दोघी विसरताय की फुलटाइम आणि काहीच नाही याच्यामध्ये बरंच काही आहे. अर्धवेळ करता येतं, सकाळी शाळेत ऑर्केस्ट्रा आणि दोन-तीन तास, दुपारी कॉलेजचा एक किंवा दोन कोर्स. फक्त शाळेची आणि कॉलेजची कॅलेंडरं जुळत नाहीत, सुट्ट्या वेगवेगळ्या, तासांच्या वेळा वेगवेगळ्या, आणि मध्ये गाडीने कोण सोडणार हा प्रश्न ज्या आईला पडतो तिलाच पडतो. मी दोन वर्षं कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मीटिंगा केल्यात.

तिसरा रस्ता कोणी फारसा सांगत नाही, कॉलेज इन द हायस्कूल. शाळेच्याच वर्गात, शाळेचेच शिक्षक, पण कोर्स युनिव्हर्सिटीचा आणि क्रेडिट पण युनिव्हर्सिटीचं. २०२३ पासून वॉशिंग्टनच्या सरकारी कॉलेजांच्या अशा कोर्सना विद्यार्थ्यांकडून फी घेत नाहीत. युडबचा कोर्स घेतला तर युडबच्या ट्रान्सक्रिप्टवर तो येतो, ग्रेडसकट, म्हणजे जन्माचा नियम इथेही लागू. पण ऑर्केस्ट्रा सुटत नाही, गाडी लागत नाही, आणि वर्षभर चालतो म्हणून दम पण मिळतो. तुमच्या शाळेत कोणकोणते विषय आहेत ते विचारा, काही शाळांत बरेच असतात, काहींत एखाद-दुसराच.

मी तुमच्या जागी असते तर अकरावीत कॉलेज इन द हायस्कूलचा किंवा एपीचा गणित-सायन्स शाळेतच ठेवला असता, जिथे शिक्षक ओळखीचे आहेत आणि पुढे शिफारसपत्र पण त्यांच्याकडूनच लागणार आहे (हे विसरू नका, फुलटाइम कॉलेजात गेलेल्या मुलीला दहा आठवड्यांत बदलणारे प्रोफेसर पत्र कुठून देणार). आणि फॉल क्वार्टरला कॉलेजचा एकच कोर्स, इंग्लिश किंवा सायकॉलॉजी, तिला सोपं जाईल असा. डिसेंबरात ग्रेड बघा. बी प्लसच्या वर आला आणि पोरगी झोपतेय-जेवतेय असं दिसलं तर विंटरला दोन करा, बारावीत हवं तर जवळजवळ फुलटाइम. तिला हे आत्ता पटणार नाही, कारण मैत्रिणीची बहीण. तिला सांगा की रनिंग स्टार्टचा फॉर्म दर क्वार्टरला नव्याने भरावा लागतो, तिची सही, तुमची सही, शाळेच्या काउन्सेलरची सही, त्यात किती क्रेडिट मोफत घेता येतील तो आकडा पण असतो. म्हणजे दर तीन महिन्यांनी निर्णय बदलता येतो. आत्ता शाळेत जी तारीख आलीये ती पुढच्या वर्षीचं टाइमटेबल ठरवायची आहे, तिने इरादा कळवू दे, त्याने कोणी बांधलं जात नाही, एवढं फक्त काउन्सेलरकडून लेखी घ्या की नंतर शाळेचे तास परत मिळतील का, कारण शाळा कधी कधी त्या जागा भरून टाकतात. आणि एपी ठेवणार असाल तर परीक्षेची नोंदणी मे महिन्यात नाही, नोव्हेंबरमध्येच करावी लागते, उशीर झाला तर ४० डॉलर जास्त, परीक्षेची फी मुळात ९९ होती २०२५ ला.

आता ता. क. तिचं म्हणणं कायद्याने बरोबर आहे, ऐकून वाईट वाटेल. फर्पा नावाचा कायदा आहे, मूल कॉलेजात गेलं की तिथल्या रेकॉर्डवरचा हक्क त्याचा, सोळा वर्षांचं असलं तरी. मी त्या केमिस्ट्रीच्या वेळी कॉलेजच्या ऑफिसला फोन केला, मुलाचं नाव, जन्मतारीख, मी आई, फी पण मीच भरलीये. पलीकडची बाई फार गोड आवाजात म्हणाली की असा कोणी विद्यार्थी आमच्याकडे आहे की नाही हे पण मी सांगू शकत नाही. मी फोन ठेवून पाच मिनिटं नुसती बसले. (शाळेकडे जे ग्रेड येतात ते शाळेकडून बघता येतात, पण ते येतात क्वार्टर संपल्यावर, तोवर काय उपयोग.)

तेव्हा लक्ष घालू नका म्हणते तर ठीक, पासवर्ड मागू नका. फक्त प्रत्येक क्वार्टरच्या आधी कॉलेजच्या कॅलेंडरवरच्या दोन तारखा तिने स्वतःच्या हाताने लिहून फ्रिजवर लावायच्या, एक कोर्स काहीही डाग न लागता सोडायची शेवटची, आणि दुसरी डब्ल्यू (ट्रान्सक्रिप्टवर कोर्स सोडल्याची खूण) घेऊन सोडायची शेवटची. मिडटर्मचा पेपर हातात आला की त्या दिवशी चहा घेताना फ्रिजकडे बघून बोलायचं. आमचं लक्ष गेलं तेव्हा दुसरी तारीख होऊन आठ दिवस झाले होते.